बरं वाटणं कसं मोजायचं?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोगी हुडकण्यासाठी छातीचे एक्स-रे घाऊक प्रमाणावर काढले जात होते. १४ बाय १७ इंचांची मोठी फिल्म महाग पडायची, छोट्या फिल्मवर तेच काम स्वस्तात व्हायचं. स्वस्ताईपायी रोगी निसटतात की काय, एवढंच तपासायचं होतं. म्हणून १,२५६ माणसांचे एक्स-रे चार वेगवेगळ्या पद्धतींनी काढले गेले आणि पाच अनुभवी डॉक्टरांनी ते एकमेकांना न विचारता वाचले. १९४७ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा फिल्मचा प्रश्न बाजूलाच पडला होता. फिल्मच्या आकाराने जेवढा फरक पडत होता, त्याहून जास्त फरक वाचणाऱ्यांमध्ये निघाला. एकाला जिथे डाग दिसला तिथे दुसऱ्याला फुप्फुस स्वच्छ दिसलं. त्याच डॉक्टरपुढे तीच फिल्म काही काळाने पुन्हा ठेवली, तर बऱ्याचदा त्याचं स्वतःशीच जुळेना.

कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला निघालेल्यांनी डोळ्यांची परीक्षा घेतली, असं म्हणता येईल. या कामातले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी पुढे प्रत्येक फिल्म दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी असा आग्रह धरला.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची गाजलेली चाचणी प्रसिद्ध केली. ५५ रुग्णांना औषध, ५२ जणांना नुसती सक्तीची विश्रांती. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरलं, आणि त्यासाठीच ही चाचणी पाठ्यपुस्तकांत येते. पण तिच्यातली आणखी एक खबरदारी तेवढीच मोलाची आहे आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. एक्स-रे वाचायला दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक वैद्य नेमले होते. तिघांनी वेगवेगळं वाचायचं, आणि समोरची फिल्म औषधवाल्याची की विश्रांतीवाल्याची हे त्यांना सांगायचं नाही. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी चौघे दगावले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. मृत्यू मोजायला तज्ज्ञ लागत नाही. मात्र 'फुप्फुसात लक्षणीय सुधारणा' मोजायला लागतो, आणि तिथे पाहणाऱ्याची आशा आकड्यात शिरू शकते.

उपचाराचा गुण आला का, या प्रश्नाचं उत्तर आज जवळजवळ नेहमी आकड्यात दिलं जातं. वेदना ७ वरून ४ वर आली, नैराश्याचा गुणांक २२ वरून १४ झाला, गुडघा ९० अंशांऐवजी ११५ अंशांत वाकू लागला. असा कुठलाही आकडा हाती आला की त्याला तीन गोष्टी विचारायच्या असतात. पुन्हा मोजलं तर तोच येईल का? या आकड्यावर कोणतं गणित करायला परवानगी आहे? आणि जे मोजायचं होतं तेच हा मोजतो का? पहिल्याला विश्वसनीयता म्हणतात, दुसरा प्रश्न माहितीच्या प्रकाराचा, तिसरा सप्रमाणतेचा. संशोधनाच्या अहवालांत पहिल्याचं उत्तर सहसा ठळकपणे दिलेलं असतं, कारण ते सूत्रात घालून काढता येतं. तिसऱ्याचं उत्तर सूत्रातून निघत नाही. खरी फसगत तिथेच होते.

आधी सूत्रवाला प्रश्न. समजा, दोन डॉक्टर १०० एक्स-रे पाहतात आणि दोघेही त्यांतले दहा संशयास्पद ठरवतात. १०० पैकी ८६ फिल्मवर त्यांचं एकमत झालं. ८६ टक्के म्हणजे उत्तमच, असं कुणालाही वाटेल. पण दोघांनी डोळे मिटून दहा-दहा फिल्म उचलल्या असत्या, तरीही सरासरी ८२ फिल्मवर त्यांचं जमलंच असतं, कारण बहुतेक फिल्म दोघांच्याही 'स्वच्छ' ढिगात जाणार. म्हणजे एकमताला १८ फिल्मचा वाव होता आणि त्यातल्या चारच कमावल्या. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला 'कप्पा' हा गुणांक नेमका हा हिशोब करतो: चाराला अठराने भागा, ०.२२ येतं. शंभर टक्के एकमत झालं तर कप्पा १, नशिबाइतकंच झालं तर शून्य. दोघांनाही संशयास्पद वाटलेल्या फिल्म इथे फक्त तीन आहेत, हे कळल्यावर ०.२२ हा आकडा ८६ पेक्षा प्रामाणिक वाटू लागतो.

यंत्राच्या बाबतीतही असाच भुलभुलैया असतो. मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख लिहिला. वैद्यकाच्या इतिहासात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांत त्याची गणना होते. उदाहरण होतं दम्याच्या रुग्णांना ओळखीचं असलेल्या पीक फ्लो मीटरचं. जोरात फुंकर मारायची आणि श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजायचं. मोठं यंत्र आणि त्याची छोटी आवृत्ती, दोन्हींवर १७ जणांनी फुंकलं. हे १७ जण म्हणजे ब्लँड यांचे घरचे लोक आणि सहकारी. लहान-मोठी, कमी-जास्त दमाची सगळी माणसं मुद्दाम घेतली होती. दोन्ही यंत्रांच्या आकड्यांतला सहसंबंध निघाला ०.९४. त्या काळच्या प्रथेप्रमाणे लेख इथेच संपला असता: यंत्रं एकमेकांशी उत्तम जुळतात, छोटं वापरायला हरकत नाही.

ब्लँड-आल्टमन यांनी मात्र प्रत्येक माणसाच्या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी केली. एकाच माणसाच्या बाबतीत छोटं यंत्र मोठ्यापेक्षा मिनिटाला सुमारे ८० लिटरने जास्त किंवा तितक्याच लिटरने कमी दाखवू शकतं, असं निघालं. दम्याच्या औषधाचा डोस ठरवताना हा फरक परवडणारा नाही. सहसंबंध इतका उंच आला तो माणसं एकमेकांपासून फार वेगळी होती म्हणून. पोरगेलेशा मुलीची फुंकर आणि धडधाकट पुरुषाची फुंकर यांतलं अंतर इतकं मोठं, की यंत्रांमधला गोंधळ त्यात दिसेनासा झाला. सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे, हे या लेखाने इतकं सोप्या अंकगणितात दाखवलं की त्यावर वाद घालणं अवघड झालं. तरीही फक्त सहसंबंध छापून समाधान मानणारे शोधनिबंध आजही निघतात.

आता आकड्याच्या जातीकडे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजमापाच्या चार पायऱ्या सांगितल्या. रक्तगट हे नुसतं नाव, तिथे लहान-मोठं काही नसतं. 'सौम्य, मध्यम, तीव्र' यांना क्रम असतो, पण पायऱ्यांची उंची ठाऊक नसते. अंश सेल्सिअसमध्ये प्रत्येक अंश सारखा असतो, मात्र शून्य सोयीपुरता मानलेला असतो, म्हणून ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे. आणि वजन, उंची, मिनिटाला पडणारे ठोके यांचं शून्य खरं असतं, तिथे दुप्पट-तिप्पट बोलता येतं. नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक आणि गुणोत्तरदर्शक अशी त्यांची नावं.

दवाखान्यातली गोची क्रमदर्शक आकड्यांची आहे, कारण ते दिसतात वजनासारखे आणि वागतात मात्र वर्गातल्या नंबरासारखे.

पक्षाघातानंतर माणूस किती सावरला हे सांगण्यासाठी जगभर 'मॉडिफाइड रँकिन स्केल' वापरतात. तिचं मूळ ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांच्या १९५७ च्या कामात आहे. शून्य म्हणजे काहीही लक्षण नाही. २ वर माणूस स्वतःचं स्वतः करतो, पण पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. ३ वर थोडी मदत लागते, तरी आधाराशिवाय चालता येतं. ४ वर तेही नाही. ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि ६ म्हणजे मृत्यू. आता एखाद्या गटाची सरासरी २.७ आली, तर तो २.७ वाला माणूस कसा जगतो? त्याहून मोठा प्रश्न असा की ० वरून १ वर घसरणं आणि ३ वरून ४ वर घसरणं हे बेरजेत सारखंच धरलं गेलं. पहिल्यात हाताला किंचित मुंग्या येतात, दुसऱ्यात माणूस चालण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

पक्षाघाताच्या रुग्णांच्या मेंदूतली गुठळी उशिराही काढावी का, हे पाहणारी 'डॉन' नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने ही अडचण सरळ अंगावर घेतली. शून्य ते सहा या पायऱ्यांना लोकांच्या दृष्टीने काय किंमत आहे ते आधीच्या अभ्यासांतून घेऊन त्यांना अनुक्रमे १०, ९.१, ७.६, ६.५, ३.३, ० आणि ० असे गुण दिले. या रांगेकडे जरा थांबून पाहावं. पहिली पायरी उतरताना जेमतेम ०.९ गुण जातात, तिसरीवरून चौथीवर येताना ३.२. आणि शेवटच्या दोन किमती सारख्याच आहेत: कायमचं अंथरुण आणि मृत्यू, दोन्हींना शून्य. ही किंमत मान्य करावी की नाही यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. अनेक वर्षं खाटेवर असलेल्या आईची सेवा करणाऱ्या घराला ती पटणारही नाही. पण निदान पायऱ्या सारख्या नाहीत हे कुणीतरी आकड्यांत मांडलं. सरळ सरासरी काढणारेही किंमत लावतच असतात, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

बेशुद्ध रुग्णासाठीची 'ग्लासगो कोमा स्केल' हे याहून ओळखीचं उदाहरण. अपघात विभागात 'जीसीएस किती?' हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतो. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण. तिन्ही मिळवून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. (गुण प्रत्येकी एकपासून सुरू होतात, त्यामुळे मृत माणसालाही तीन मिळतात.) तीन पट्ट्यांच्या १२० जोड्या होऊ शकतात आणि त्या सगळ्या तेरा बेरजांत कोंबल्या जातात. अमेरिकेतल्या जखमी रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवरून २००३ मध्ये केलेल्या विश्लेषणात 'बेरीज ४' असलेल्या रुग्णांचा मृत्युदर, तो चौथा गुण कोणत्या पट्टीतून आला त्याप्रमाणे, १९ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत बदलत होता. आकडा एकच, नशीब वेगळं. टीसडेल यांचाही सल्ला हाच, की प्रत्येक रुग्णाचे तीन गुण वेगवेगळे सांगा. घाईच्या वेळी मात्र बेरीजच बोलली जाते, कारण ती एका शब्दात मावते.

नवजात बाळाचा अपगार गुणांकही याच घराण्यातला. न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये तो मांडला. ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चिमटा-डिवचण्याला प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ०, १ किंवा २. ठोके शंभराच्या वर असले तर दोन, खाली असले तर एक. ९८ आणि ६० यांना सारखाच एक, ९८ आणि १०२ यांना मात्र वेगळे गुण. म्हणजे हाती आलेला गुणोत्तरदर्शक आकडा मुद्दाम खालच्या पायरीवर उतरवला. पण त्यांना ते हवंच होतं. जन्मल्यावर एका मिनिटात, उभ्या उभ्या, कागदाशिवाय ठरवता येईल असं काहीतरी त्या शोधत होत्या. १९५३ च्या आपल्या लेखात अपगार यांनी स्वतःच कबूल केलं, की पाचांपैकी रंग हे सर्वांत असमाधानकारक लक्षण आहे आणि त्यावरच पाहणाऱ्यांमध्ये सर्वाधिक वाद झाले. पुढे काय झालं, तर याच गुणांकावरून मूल मोठेपणी मतिमंद होईल का याची भाकितं सुरू झाली, कोर्टात तो प्रसूती बिघडल्याचा पुरावा म्हणून फिरू लागला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना एकत्र येऊन सांगावं लागलं, की एकट्या अपगारवरून बाळ गुदमरल्याचं निदान करू नका.

इथे तिसरा प्रश्न आपसूक उभा राहतो. सप्रमाणता ही मोजपट्टीच्या अंगची वस्तू नसते. ती त्या पट्टीच्या ठरावीक वापराची असते. अपगार 'या बाळाला आत्ता श्वास द्यायचा का' या प्रश्नाजवळचा आहे, 'वीस वर्षांनी काय' याच्याजवळचा नाही.

तागडीच्या एका पारड्याखाली चिंच चिकटवलेली असेल, तर दहादा तोला, दहादा सारखंच चुकीचं वजन येईल. विश्वसनीयता पूर्ण, सप्रमाणता शून्य. वैद्यकात ही चिंच कुणी मुद्दाम लावत नाही, म्हणून ती सापडायला वर्षं जातात.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या ईसीजीमध्ये मधूनच जादा ठोके दिसतात. असे ठोके ज्यांना जास्त, त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे ठाऊक होतं. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके झकास दाबायची. म्हणून अमेरिकेत ती मंजूर झाली आणि डॉक्टर ती देऊही लागले. इथे मोजमापाचे पहिले दोन्ही प्रश्न नीट सुटलेले होते. चोवीस तासांच्या नोंदीवरून तासाला किती जादा ठोके हे मोजायचं. आकडा गुणोत्तरदर्शक, मोजणी पक्की. मग 'कास्ट' नावाच्या चाचणीत खुद्द मृत्यू मोजायचं ठरलं. ज्यांचे जादा ठोके औषधाने दबतात अशांनाच त्यात घेतलं, म्हणजे औषध प्रत्येकावर 'लागू पडलेलं' होतं. १९८९ मध्ये ही दोन औषधं मध्येच थांबवावी लागली. १९९१ च्या सविस्तर अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण मेले होते, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागदावरची रेघ सुधारत होती आणि माणूस मरत होता. जादा ठोके हे धोक्याचं चिन्ह होतं, धोक्याचं कारण नव्हतं, आणि चिन्ह पुसायला निघालेलं औषध हृदयाच्या विजेत स्वतःच नवा घोळ घालत होतं.

इतकं भीषण नसलेलं, पण रोजच्या वापरातलं उदाहरण नैराश्याचं. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० सालची १७ कलमी पट्टी नैराश्याच्या औषधांच्या असंख्य चाचण्यांत वापरली गेली. कमाल गुण ५२. यात झोपेची तीन कलमं आहेत: झोप लागत नाही, मध्ये मोडते, पहाटे लवकर जाग येते. प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण सहा गुण नुसत्या झोपेचे. २००४ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने नैराश्यावरच्या मार्गदर्शिकेत बिनऔषधाच्या गोळीपेक्षा तीन गुणांचा फरक हा अर्थपूर्ण धरला होता. मन होतं तसंच खिन्न ठेवून फक्त गाढ झोप आणणारं औषधही या पट्टीवर ती मर्यादा ओलांडू शकतं. उलट, झोप बिघडवणारं पण मनाला उभारी देणारं औषध इथे उगाच कमी ठरतं.

चिंच कधी कातडीच्या रंगातही लपलेली असते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहू लागले. तो चिमटा प्रकाश कातडीतून आरपार पाठवून रक्ताचा रंग वाचतो. त्याच डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला. चिमटा ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७. यंत्र डगमगत नव्हतं, एकाच दिशेला झुकत होतं. आठवड्याभरात शंभरदा मोजून सरासरी काढली तरी असा कल जात नाही.

आणि कधी पट्टी ज्यांच्यासाठी बनली ती माणसंच वेगळी असतात. स्मृतिभ्रंश चाचपण्यासाठी १९७५ मध्ये अमेरिकेत बनलेल्या प्रश्नावलीत वाचून कृती करा, एक वाक्य लिहून दाखवा, अशी कलमं आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींचे गुण तिथे जातात ते अक्षरओळख नसल्यामुळे, स्मृती ढळल्यामुळे नव्हे. हरियाणातल्या बल्लभगड भागात काम करताना मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या प्रश्नावलीचा हिंदी अवतार प्रसिद्ध केला. त्यात 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी समोरचा माणूस डोळे मिटून दाखवतो आणि तसंच करायला सांगतो. लिहायच्या वाक्याऐवजी स्वतःच्या घराबद्दल काहीतरी सांगायचं असतं. शब्द बदलून भाषांतर झालं असतं. इथे कलमामागचा हेतू जपून कलमच बदललं.

काय मोजायचं हे ठरवण्याचा अधिकार फार काळ डॉक्टरांकडेच होता. सांधेवातावरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी १९९० च्या दशकात सर्वमान्य यादी तयार झाली: दुखरे सांधे किती, सुजलेले किती, वेदना, रोजची कामं, रक्तातली दाहाची खूण, आणि रुग्णाचं व डॉक्टरांचं एकंदर मत. या यादीमागे 'ओमरॅक्ट' हे संशोधकांचं जाळं होतं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात भरलेल्या त्यांच्या परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना सहभागी म्हणून बसवलं. त्यांनी सांगितलं, की आमचं सर्वांत मोठं दुखणं तुमच्या यादीत नाहीच. ते होतं थकवा, झोपून उठल्यावरही न जाणारा. २००६ च्या माल्टातल्या परिषदेत, शक्य तिथे चाचण्यांत थकवाही मोजावा असं ठरलं. पुढे ब्रिस्टलच्या संशोधकांनी रुग्णांच्या मुलाखतींतून, त्यांनी वापरलेल्याच शब्दांत, थकव्याची २० प्रश्नांची पट्टी बांधली आणि मग ती पट्टी हातात घेऊन पुन्हा रुग्णांकडेच गेले: प्रश्न कळतात का, नेमके आहेत का, काही राहिलं का?